पानावर बोट ठेव, मग बोल

दूधविनायक, वाराणसी
श्रावण वद्य नवमी (गल्लीबाहेर मात्र भाद्रपद लागून आठवडा उलटला)

चि. छोटी,

तुझं पत्र आणि सोबतची यादी पोचली. महिन्यात अकरा पुस्तकं, प्रत्येकापुढे तारे आणि ताऱ्यांपुढे एकेक शेरा: ‘अप्रतिम’, ‘फार संथ’, ‘उगाच डोक्यावर घेतलेलं’, ‘डोळे पाणावले’. शेवटी विचारलंयस, ‘आत्या, माझं वाचन कसं चाललंय?’ वाचन उत्तम चाललंय गं. मतं मात्र कच्ची आहेत. तुला राग येईल, पण तू विचारलंस म्हणून सांगते.

आकड्याला मी नाक मुरडणार नाही. पुस्तकं मोजण्याची सवय तुमच्या पिढीनं काढलेली नाही. आमच्या या गल्लीत सात दिवसांत गुरुचरित्र संपवणारे आहेत, चातुर्मासात एक पोथी धरून ती तडीस नेणारे आहेत, आणि कितवं पारायण चाललंय हे विचारल्याशिवाय सांगणारेही आहेत. पण पारायण करणाऱ्याला कुणी मत विचारत नाही. तो वाचतो, समाप्तीला नैवेद्य दाखवतो, पोथी रुमालात बांधून ठेवतो. तुला मत द्यायचंय. मग दंडक वेगळा. मत दिलंस की समोरचा विचारणार, ‘कुठे?’ त्या वेळी पुस्तक उघडून पानावर बोट ठेवता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर तो आपला त्या दिवशीचा मूड होता असं समजावं आणि गप्प बसावं.

‘कोसला’चंच घे. तू दोन तारे दिलेस आणि लिहिलंस, ‘नायक काहीच करत नाही.’ खरंय, करत नाही. पुण्याला येतो, वसतिगृहात राहतो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षा बुडवतो, सांगवीला परत जातो. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलं हे, १९६३ साली आलं, आणि तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. पण मनीच्या मृत्यूचं प्रकरण तू कसं वाचलंस? धाकटी बहीण देवीनं जाते, आणि तोवर सगळ्या जगाची टर उडवणारा हा मुलगा एकदम जे बोलायला लागतो ते वाचताना मी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं होतं. ते प्रकरण वगळून कोसलावर मत देता येत नाही. ते वाचूनही दोन तारेच द्यायचे असतील तर जरूर दे, मी भांडणार नाही. मलाही कॉलेजच्या भागातली तीच ती वळणं पुढेपुढे थकवतात, आणि बायकांकडे पाहताना नायकाची, पांडुरंगाची, नजर आखूड पडते असं मला प्रत्येक वाचनात वाटतं. पण कुठल्या पानांवर, ते मी दाखवू शकते.

आता तुझं दुसरं मत, ‘माझा प्रवास’बद्दलचं. तीन तारे, आणि शेरा: ‘एकोणिसाव्या शतकाच्या मानानं भाषा बरीच सोपी.’ मला सांग, तुझ्या हातातली प्रत कुठली? आधी पहिली दोन पानं उलटून बघ. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. १८५७ साली घरचं कर्ज फेडावं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार अशी बातमी होती म्हणून. सापडले बंडात. हे सगळं त्यांनी पुष्कळ वर्षांनी, १८८३च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली, आणि छापताना भाषेला आणि मजकुराला दोन्हीला हात लावला. इंग्रजांचं राज्य होतं, वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली गोडशांचा खरा मजकूर लोकांपुढे ठेवला. तेव्हा तुझ्या हातात वैद्यांची प्रत असेल तर तुझं भाषेबद्दलचं मत वैद्यांबद्दलचं आहे. भटजींचा त्यात काही संबंध नाही. पुण्यात राहतेस, मंडळ तुला रिक्षाच्या अंतरावर आहे. इथे हिंदीत तर तेच पुस्तक अमृतलाल नागरांच्या ‘आँखों देखा गदर’ या नावानं लोक वाचतात, आणि शेजारच्या घरातले आजोबा मला दर वेळी सांगतात की नागरजींनी काय सुंदर लिहिलंय!

आता माझ्या महिन्याबद्दल लिहिते, म्हणजे नुसता उपदेश केल्यासारखं होणार नाही. यंदा गंगा बरीच चढली. पंचगंगेच्या पायऱ्या पाण्याखाली, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट बंद, त्यामुळे मंगळवारी मंगळागौरीच्या देवळात जाणाऱ्या मुलीबाळी सगळ्या गल्लीतून. मी घरात. पुस्तकं ठरवून घेतलेली नव्हती, जी हाताला लागली ती घेतली. पण एक गंमत झाली, आणि हे पत्र लांबणार आहे ते तिच्यामुळेच.

चातुर्मासाचा नेम म्हणून एकनाथी भागवत चालू होतं. तुला ठाऊक आहे ना, ते आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर पुरं झालं? सुरुवात पैठणला, समाप्ती इथे, शके १४९५, म्हणजे १५७३. मराठीत भागवत लिहितो म्हणून काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारला आणि मग त्याच ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक काढली, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण कथा पाठ असलेले किती जण तेविसावा अध्याय वाचतात? त्यात अवंतीचा एक ब्राह्मण आहे. शेती, व्यापार, बख्खळ पैसा, आणि इतका कंजूष की स्वतःच्या पोटालाही घालत नाही. मग ते धन जातं. काही नातेवाईक नेतात, काही चोर, काही राजा, काही काळ. उरतो नुसता भिक्षू. लोक त्याची काठी पळवतात, भांडं पळवतात, अन्न विटाळतात, आणि तो म्हणतो की माझ्या दुःखाला ना ही माणसं कारण आहेत, ना ग्रह, ना देव, कारण माझंच मन.

हा अध्याय सकाळी वाचायचा आणि दुपारी गोडसे भटजी. तेही ब्राह्मण, तेही लुटले गेले. झाशी पडल्यावर लुटीच्या पाळ्या कशा आल्या ते त्यांनी लिहिलंय: आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडे, धान्य. एकदा नव्हे, पुढच्या वाटेवरही पुन्हा लुबाडले गेले. आणि अवंतीच्या भिक्षूला झालं ते ज्ञान भटजींना झालं का? छे. ते हिशेब ठेवतात. कुणी किती दक्षिणा दिली, कुठे कसलं जेवण होतं, किती मिळालं आणि किती गेलं. लोक हे पुस्तक राणीसाठी वाचतात. मी भटजींच्या कमरेच्या कशासाठी वाचते. या गड्याला काहीही झालं तरी वैराग्य येत नाही, आणि तरी शेवटी काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो वरसईपर्यंत चालत जातो. आईबापांना गंगा घडावी म्हणून. पैसा नाही उरला, पाणी नेलं.

मग मी नाथांकडे परत गेले आणि मला वेगळंच दिसलं. त्या अध्यायाचा पहिला भाग, कंजूष माणसाच्या घरचं वर्णन, नाथांनी इतक्या चवीनं केलंय की असा एखादा गृहस्थ त्यांच्या शेजारी राहत असला पाहिजे. दुसरा भाग, ज्ञान झाल्यानंतरचा, थोर आहे, पण मला पहिला जास्त खरा वाटतो. हे मत ऐकून आमच्या भजनी मंडळातल्या एका बाईंनी कानाला हात लावले. लावू देत. ओवीवर बोट ठेवून सांगते मी.

त्यातच ‘पथेर पांचाली’ हाताशी आली, हिंदी अनुवादात. विभूतिभूषण बंदोपाध्याय. तू सिनेमा पाहिलायस, पुस्तक वाच. सिनेमावाल्यांनी काशीचा भाग पुढच्या ‘अपराजितो’त घेतला. कादंबरीत तो पहिल्याच पुस्तकाच्या शेवटाकडे येतो. गाव सोडून हरिहर बायकोमुलाला घेऊन इथे येतो, घाटावर पुराणं सांगून चार पैसे मिळवतो, तापानं जातो. तिसरा भिक्षुक! आणि याला ना ज्ञान होतं, ना कावड घेऊन घरी जायला मिळतं. मागे राहिलेली सर्वजया एका श्रीमंताच्या घरी स्वयंपाकीण म्हणून लागते.

इथे मी थांबले. तिन्ही भिक्षुकांच्या बायका काय करत होत्या? नाथांच्या कंजुषाची बायको त्याच्यावर चिडलेली, एवढंच कळतं. भटजींची माणसं वरसईत वाट पाहत बसलेली, त्यांच्या चुलीवर काय शिजत होतं ते पुस्तकात नाही. एकटे विभूतिबाबू स्वयंपाकघरात शिरले. हा प्रश्न मला एकेक पुस्तक सुटं वाचून कधी पडला नसता. नाथांचं भागवत मी आयुष्यभर वाचतेय, पडला नव्हता.

आणि आता तुझ्या पाच ताऱ्यांचं पुस्तक बघ. ‘स्मृतिचित्रे’, शेरा ‘अप्रतिम, खूप हसले’. हसलीस ते बरोबरच. पण त्याची सुरुवात कुठून आहे? सत्तावनच्या बंडात फाशी गेलेल्या आजोबांपासून, आणि त्या धसक्यानं वडिलांना लागलेल्या सोवळ्याच्या वेडापासून. म्हणजे जी धामधूम गोडसे भटजी रस्त्यावरून पाहत होते तिचा तडाखा एका घरात पुढची पिढी कशी सोसते ते लक्ष्मीबाई टिळक माजघरातून सांगतात. आणि नवरा? हातात आलेला पैसा वाटून टाकणारा, न सांगता निघून जाणारा, १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती होणारा कवी. नारायण वामन टिळकांना वैराग्य होतं, पण घर चालवायला बाई होती. अवंतीच्या भिक्षूच्या बायकोनं स्वतः लेखणी घेतली असती तर असं पुस्तक झालं असतं, असं मला आता वाटतं. हसत हसत सांगितलेल्या प्रसंगांत घरात दाणा नसल्याचे किती आहेत ते एकदा मोजून बघ. मोजायची हौस आहेच तुला.

म्हणून पुस्तकं एकेकटी वाचून हातावेगळी करू नकोस. महिन्यात निदान दोन अशी घे जी एकमेकांशी भांडतील. कुठली, ते आधी ठरवता येत नाही, वाचता वाचता कळतं. कळलं की यादीतलं पुढचं पुस्तक बाजूला ठेवायचं आणि मागचं पुन्हा उघडायचं. आकडा कमी होईल. होऊ दे.

सवयी सुधारून आयुष्य बदलणारी तीन पुस्तकं आहेत तुझ्या यादीत. एक वाचलं की तिन्ही वाचली. पुढे जा.

‘काशी का अस्सी’ वाचू का, त्यात फार शिव्या आहेत असं बाबा म्हणतात, असं विचारलंयस. तुझ्या बाबाला शिव्या येत नाहीत असं त्याला वाटतं. काशीनाथ सिंहांनी पहिल्याच पानांवर इशारा देऊन ठेवलाय, तेव्हा फसवणूक नाही. जरूर वाच. फक्त ते अस्सी आहे, चहाच्या दुकानावर देशाचं राजकारण चालवणारं. आमचा पक्का महाल वेगळा. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, दूधविनायक, इथे आवाज खालच्या पट्टीत आणि कुचेष्टा वरच्या दर्जाची. पूर्ण काशी पाहिजे असेल तर सोबत शिवप्रसाद मिश्र ‘रुद्र’ यांची ‘बहती गंगा’ घे, १९५२ची. सतरा तरंग, दोनशे वर्षांची काशी, प्रत्येक गोष्ट सुटी आणि पुढचीला चिकटलेली. पहिल्या काही तरंगांतला बनारसी अक्कडपणा वाचताना मान आपोआप ताठ होते. सगळं नाही आवडत मला. त्यातली माणसं फार ऐटीत मरतात.

आणि आपले लोक इथे आले कधी, हे तुला शाळेच्या प्रकल्पापासून छळतंय ते डॉ. मोतीचंद्रांच्या ‘काशी का इतिहास’मध्ये सापडेल. १९६२चं पुस्तक. घराणं भारतेंदूंचं, म्हणजे इथून पुढच्या चौखंब्यातलं, आणि माणूस मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा संचालक होता. पेशवाईतली मराठी पत्रं त्यांनी बारकाईनं पाहिली आहेत. नारायण दीक्षित कायगावकर, पेशव्यांचा पैसा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट, हे सगळं त्यात येतं. नीरस वाटेल. चाळ, आपल्या घाटांची पानं नीट वाच, बाकी राहू दे. इतिहासाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे असा काही शास्त्रार्थ नाही.

अर्धवट सोडल्याची लाज वाटते म्हणतेस. कसली लाज? सोड. फक्त कुठल्या पानावर सोडलं ते लिहून ठेव. काही वर्षांनी त्याच पानापासून पुढे जाशील आणि आपण का थांबलो होतो ते आठवणार नाही. असं झालं तर पुस्तक चांगलं. पुन्हा तिथेच अडलीस तर मग मत दे.

टिपण ठेवतेस ते चांगलं करतेस, पण त्यात तारे नकोत. जुन्या पोथ्यांच्या शेवटी शक, तिथी, ठिकाण घालत, नाथांनीही घातलंय. तूही घाल. कुठे वाचलं, कधी वाचलं, घरात काय चाललं होतं. ‘स्मृतिचित्रे’ मी पहिल्यांदा लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाचलं आणि सासूबाईंसमोर हसू दाबत वाचलं. तेव्हाचं माझं मत आज माझ्या उपयोगाचं नाही, पण ते कुठून आलं होतं ते कळतं. त्याखाली दोन ओळी: कुठे थांबले, कुणाशी भांडले. पटलेलं लिहून ठेवायची फार गरज नसते, ते राहतंच डोक्यात.

आणि महिन्यात एक पुस्तक असं हवं की ज्याबद्दल मत द्यायची वेळच येऊ नये. मी ‘चंद्रकांता’ वाचली. कितव्यांदा ते विचारू नकोस. देवकीनंदन खत्री याच शहरातले, त्यांचा लहरी प्रेस इथलाच, आणि चुनार-नौगढ-विजयगढचे ते ऐयार, वेषांतरं, बेहोशीची बुकणी, तिलिस्म! ही कादंबरी वाचता यावी म्हणून लोक हिंदी लिहावाचायला शिकले असं इथे अभिमानानं सांगतात. लिखाण म्हणून काय आहे त्यात? माणसं पुठ्ठ्याची आहेत, नायिका रडते, नायक सुस्कारे टाकतो, आणि सगळी कामं ऐयार करतात. पण पाऊस धो धो पडतोय, वीज गेलीय, गल्लीतली माकडं पडवीत येऊन बसलीयत, अशा दुपारी तेजसिंहानं कुणाला तरी हुंगवून बेशुद्ध पाडलं की मला जे सुख होतं त्यावर मला कुणाचाही सल्ला नको. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार तुझ्या आजोबांच्या कपाटात खालच्या खणात असेल. त्याच्यासाठी तू असंच कर. ते यादीत लिहायला लाजू नकोस. यंदाच्या तुझ्या यादीत एकही पुस्तक असं नाही जे सांगायला तुला लाज वाटावी, आणि त्यावरून मला शंका येते की यादी आम्हाला दाखवायला केलेली आहे.

बरं. वाद घालायचा असेल तर ‘कोसला’वर घाल, पानांचे आकडे लिहून पाठव, माझ्याकडची प्रत जुनी आहे, आकडे जुळणार नाहीत, म्हणून प्रसंगही लिही. वहिनीला सांग, मेतकूट पोचलं, पण डबा प्रवासात उघडल्यामुळे सगळ्या पुस्तकांना त्याचा वास लागलाय. नवरात्रात काकांचे कुणी स्नेही यात्रेला येणार आहेत असं ऐकते. त्यांच्याबरोबर दुर्गाबाईंचं ‘पैस’ पाठव, माझं कुणीतरी नेलं आणि नेणाऱ्याचं नाव मला ठाऊक असूनही मागता येत नाही. जागा उरली तर पोह्याचे पापड.

तुझी,
काशीची आत्या